गव्हर्नर: गिरणीच्या इंजिनापासून लॅपटॉपच्या प्रोसेसरपर्यंत

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आज एक साधा प्रश्न. लॅपटॉप नवा असतो, खोक्यावर '४ गिगाहर्ट्झच्या वर' असं छापलेलं असतं. पहिली पाच मिनिटं सगळं झकास चालतं. मग पंखा बोंबलायला लागतो, व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, गेम मध्येच अडखळते. सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता तर हे हमखास होतं. मग कुणीतरी सल्ला देतं, "अरे, याच्यापेक्षा भारी प्रोसेसरचा घे ना!"

थांबा. पैसे खर्च करायच्या आधी एक शब्द समजून घेऊ, 'गव्हर्नर'. राजभवनातले नाहीत बरं का! लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये आणि तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही प्रोसेसरचा वेग ठरवणारा एक छोटा प्रोग्राम असतो आणि त्याचं नावच गव्हर्नर आहे. हे नाव कापडाच्या गिरण्यांमधल्या इंजिनावरून आलंय, आणि गिरण्या म्हटलं की सोलापूर आलंच.

एक इंजिन, शेकडो माग

१८६० च्या सुमारास सोलापुरात रेल्वे पोचली. पुढे १८७७ साली शेठ मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. हीच आपली 'जुनी मिल'. मग एकोणिसावं शतक संपता संपता आणि विसाव्याच्या सुरुवातीला लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, आजूबाजूच्या दुष्काळी गावांतून आलेले शेतकरी, सगळे इथे कामाला लागले. गिरणीच्या भोंग्यावर शहराचं घड्याळ चालायचं.

आता त्या काळची गिरणी आतून कशी चालायची ते बघा. प्रत्येक मागाला वेगळी मोटर नव्हती. एका बाजूला बॉयलर, त्याच्या वाफेवर चालणारं एक भलंमोठं इंजिन, त्याला जोडलेलं टनावारी वजनाचं जड चाक. त्या चाकावरून दोरांनी ताकद वर जायची, छताजवळून लांबच लांब लोखंडी दांडे फिरायचे आणि त्या दांड्यांवरून पट्टे खाली उतरून एकेक माग चालवायचे. म्हणजे इंजिनाचा वेग बदलला की अख्ख्या खात्यातल्या प्रत्येक मागाचा वेग बदलणार.

आणि वेग बदलून चालत नव्हतं. मागावर धोटा मिनिटाला दीडशेच्या वर फेऱ्या मारतो. वेग वाढला, तर सुतावरचा ताण वाढतो आणि धागा तुटतो. वेग कमी झाला, तर धोटा पलीकडे पोचतच नाही, ताण्याच्या मधोमध अडकतो आणि एकदम कितीतरी धागे तोडतो. मग माग बंद करायचा, एकेक धागा हातानं सांधायचा. विणकराला पैसे मिळायचे विणलेल्या कापडाचे. माग उभा राहिला, की त्याची मजुरी उभी राहिली. इंजिनाचा वेग डळमळला, तर त्याची किंमत विणकराच्या खिशातून जायची.

आता अडचण कुठे होती? इंजिनावरचा भार सारखा बदलतो. एका ओळीतले वीस माग एकदम थांबले, की इंजिनावरचं ओझं हलकं होतं आणि ते सुसाट सुटतं. सगळे एकदम सुरू झाले, की इंजिन दमतं. वाफेच्या झडपेशी माणूस उभा केला, तरी त्याला कळेपर्यंत धागे तुटलेले असणार.

फिरणारे दोन गोळे

यावरचा उपाय इंग्लंडमध्ये आधीच निघाला होता. १७८८ साली जेम्स वॉट आणि त्यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी आपल्या इंजिनावर एक जुगाड बसवला. कल्पना त्यांची स्वतःची नव्हती, पिठाच्या गिरण्यांमध्ये तसलं काहीतरी आधीपासून वापरात होतं. एका उभ्या दांड्याला दोन लोखंडी गोळे लटकवलेले. दांडा इंजिनाबरोबर फिरतो. वेग वाढला, की गोळे बाहेर फेकले जातात आणि वर उचलले जातात. ते वर गेले, की एका तरफेनं वाफेची झडप थोडी बंद होते. वेग कमी झाला, की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. बस्स! माणूस नको, हिशोब नको. इंजिन स्वतःचा वेग स्वतःच बघतं आणि स्वतःच सुधारतं. याचं नाव गव्हर्नर. सोलापूरच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्या काळात गिरणीच्या इंजिनावर गव्हर्नर ही नेहमीची गोष्ट झालेली होती.

पण या गोळ्यांना एक खोड होती. गव्हर्नर फार संवेदनशील केला, तर तो घाईला यायचा. वेग जरा वाढला, की झडप जास्तच बंद करायचा. मग वेग फार पडायचा, की झडप जास्तच उघडायचा. इंजिन वर-खाली, वर-खाली, झोके घेत राहायचं. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या मोठ्या शास्त्रज्ञानं गव्हर्नरांवर एक शोधनिबंध लिहिला आणि हे झोके केव्हा शांत होतात, केव्हा वाढत जातात, याचं गणित मांडलं. आज ज्याला नियंत्रण-सिद्धांत म्हणतात, त्याच्या पायाच्या दगडांपैकी हा एक.

हे 'झोके' लक्षात ठेवा. तुमच्या लॅपटॉपमध्ये ते आजही येतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ते जड चाक. गव्हर्नर काही झालं तरी वेग बदलल्यानंतरच जागा होतो, त्याला थोडा उशीर होणारच. त्या उशिराच्या क्षणात गाडा ओढायचं काम जड चाक करतं. त्याच्या फिरण्यात साठवलेली ताकद मधला खड्डा भरून काढते.

जाता जाता शब्दाची गंमत. 'गव्हर्नर' हा शब्द ग्रीकमधल्या 'कुबेर्नेटेस', म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा, या शब्दापासून लॅटिनमार्गे आला. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर यांनी त्याच शब्दावरून 'सायबरनेटिक्स' हे नाव बनवलं. आणि सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना ठाऊक असलेलं 'कुबरनेटीस' तर सरळ तोच शब्द आहे.

प्रोसेसरचं पहिलं नाव गिरणी

आता गिरणीवरून कॉम्प्युटरवर उडी मारायची, तर पूल आधीच बांधलेला आहे. १८३० च्या दशकात चार्ल्स बॅबेज यांनी ॲनालिटिकल इंजिन नावाच्या यांत्रिक कॉम्प्युटरचा आराखडा केला. त्यात आकडे साठवायच्या भागाला त्यांनी नाव दिलं 'स्टोअर', म्हणजे कोठार. आणि आकडेमोड करणाऱ्या भागाला, म्हणजे आजच्या भाषेत प्रोसेसरला, नाव दिलं 'मिल'. चक्क गिरणी! हे यंत्र छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणार होतं आणि ती कल्पना आली होती जॅकार्डच्या मागावरून. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डवर उठते ना, तोच जॅकार्ड. चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं कॉम्प्युटरशी नातं त्याच्या कितीतरी आधीचं आहे.

गव्हर्नर वीजकेंद्रात गेला

मधला एक टप्पा सोडता येत नाही, कारण तो सोलापुरातच घडलाय. विजेच्या मोटरा आल्या, प्रत्येक मागाला स्वतःची मोटर मिळाली. मग एकसारख्या वेगाची जबाबदारी कुणावर गेली? वीजकेंद्रावर. मागाच्या मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतो. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ. ती ४९ झाली, की देशभरातल्या अशा मोटरा साधारण दोन टक्क्यांनी हळू होतात. वीजकेंद्रातलं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे मारतं आणि त्यावरही गव्हर्नर असतोच. जड चाकाचं काम तिथे फिरणारी टर्बाइनं आणि जनित्रं करतात.

फार वर्षं आपल्या देशात वीज एकाच ठेक्यावर चालत नव्हती. दक्षिणेची ग्रिड वेगळी, बाकीची वेगळी. दोघींची फ्रिक्वेन्सी जुळत नसल्यामुळे मध्ये वीज आधी डीसी करून, पुन्हा एसी करून पाठवावी लागायची. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला तशी यंत्रणा आहे. मग ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी एका ठेक्यात जोडली गेली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फ्रिक्वेन्सी, आणि गाठ मारली गेली ती सोलापूरच्या लाइनवर.

त्याच्या दीड वर्ष आधी, जुलै २०१२ मध्ये, लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळली होती. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत, म्हणजे साधारण ६० कोटी लोकांचा भाग, अंधारात गेला. एवढ्या मोठ्या ग्रिडला सांभाळायचं, तर ठेका एकसारखा हवाच. म्हणून पुढे फ्रिक्वेन्सीला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ इतक्या अरुंद पट्ट्यात राहायची शिस्त लावली गेली. वीज किती आहे याच्याइतकंच ती किती एकसारखी आहे हेही महत्त्वाचं ठरलं.

लॅपटॉपला गव्हर्नर का लागला?

आता येऊ लॅपटॉपवर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक प्रोसेसर एकाच ठरलेल्या वेगानं चालायचे. काम असो-नसो, टिकटिक तीच. बॅटरीवर चालणारी यंत्रं आली आणि ही उधळपट्टी दिसायला लागली. १९९४ साली झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर आणि सहकाऱ्यांनी शोधनिबंधात मांडलं, की काम कमी असेल तेव्हा प्रोसेसर हळू चालवा, व्होल्टेजही कमी करा, ऊर्जा बरीच वाचेल.

का बरं? हिशोब सोपा आहे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग २० टक्के कमी केला आणि त्यामुळे व्होल्टेज १० टक्के कमी करता आलं. मग उष्णता किती राहिली? ०.८ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.६५ च्या आसपास. वेग गेला २० टक्के, उष्णता गेली ३५ टक्के. या भागातला एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल, तर हा ठेवा.

२००० साली इंटेलनं लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये स्पीडस्टेप आणलं, एएमडीनं पॉवरनाऊ आणलं. आता वेग बदलता येत होता. पण केव्हा बदलायचा हे कोण ठरवणार? लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये त्यासाठी एक चौकट आली आणि त्यात निर्णय घेणाऱ्या भागाला नाव मिळालं गव्हर्नर. 'परफॉर्मन्स' नावाचा गव्हर्नर झडप कायम पूर्ण उघडी ठेवतो. 'पॉवरसेव्ह' कायम कमीत कमी. २००४ च्या सुमारास इंटेलमधले व्यंकटेश पल्लीपाडी आणि सहकाऱ्यांनी 'ऑनडिमांड' आणला. तो थोड्या थोड्या वेळानं डोकावून बघायचा, आणि प्रोसेसर ८० टक्क्यांच्या वर गुंतलेला दिसला, की वेग सरळ वर चढवायचा.

डोकावून बघायचा म्हणजे काय? म्हणजे वॉटच्या गोळ्यांसारखाच, भार आल्यानंतर जागा व्हायचा. मधल्या क्षणात काम रखडणार. २०१६ साली लिनक्स ४.७ मध्ये 'शेडयुटिल' आला. यात काम वाटून देणारा शेड्यूलरच गव्हर्नरला सांगतो, की बाबा, एवढं काम येतंय. गिरणीच्या भाषेत सांगायचं, तर साचेखात्यातल्या जॉबरनंच इंजिनघरात निरोप धाडला, "आता ओळ चालू करतोय, वाफ वाढवा."

टर्बो आणि सोलापूरचं ऊन

दुसऱ्या बाजूनं २००८ मध्ये इंटेलनं टर्बो बूस्ट आणलं. थंडावा शिल्लक असेल, तोवर ठरलेल्या वेगाच्याही वर पळा. खोक्यावर छापलेला मोठा आकडा हा बहुतेक वेळा या टर्बोचा असतो. लॅपटॉपमध्ये ही धाव काही सेकंद, फार तर मिनिटभर टिकते. मग ऊर्जेची मर्यादा लागू होते, किंवा तापमान वरच्या टोकाला पोचतं आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडतो. थंड झाला, की पुन्हा पळतो. पुन्हा तापतो, पुन्हा पडतो. ओळखलंत? हेच मॅक्सवेलचे झोके. पंखा मधूनमधून ओरडतो, गेम मधूनमधून अडखळते, ते याच तालावर.

आणि आपल्या शहराचं काय? समजा, प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. एसीच्या खोलीत हवा २२ अंश, म्हणजे फरक ७३ अंशांचा. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत हवा ४२ अंश, फरक ५३. उष्णता बाहेर जाण्याचा वेग या फरकावर अवलंबून असतो. म्हणजे तोच लॅपटॉप, तोच पंखा, पण बाहेर फेकता येणारी उष्णता साधारण २७ टक्क्यांनी कमी! युट्यूबवरच्या रिव्ह्यूमधला आकडा एसीच्या खोलीतला असतो, तुमच्या खोलीतला नाही. भारी प्रोसेसर घेतला, तरी ही २७ टक्क्यांची खोट त्यालाही लागणारच. बाहेर जायची उष्णता ठरलेली असेल, तर जास्त पळणारा प्रोसेसर फक्त मर्यादेला लवकर जाऊन धडकतो.

सरासरी नाही, प्रत्येक वेळ

आता 'लेटन्सी', म्हणजे उशीर. पॉडकास्टचंच उदाहरण घेऊ. आवाज रेकॉर्ड होताना सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. कॉम्प्युटर ते गठ्ठ्यानं हाताळतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद. दर ५.३ मिलिसेकंदांनी प्रोसेसरनं हजेरी लावायची. तासाभरात ही हजेरी ६ लाख ७५ हजार वेळा होते. त्यातली एक जरी चुकली, तरी आवाजात 'टक' येतो. सरासरी वेग कितीही भारी असू दे, तो 'टक' काही जात नाही. धोटा एकदा अडकला, की धागे तुटलेच. दिवसभराची सरासरी तिथे कामाची नाही.

बफर १,०२४ चा केला, तर २१.३ मिलिसेकंदांची सवड मिळते, आवाज तुटत नाही. पण हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. बफर म्हणजे गिरणीचं जड चाक. जितकं जड, तितकं स्थिर, पण तितकंच सुस्त. नुसतं ऐकायचं किंवा एडिट करायचं असेल, तर मोठा बफर चालतो. गाताना, वाजवताना स्वतःला ऐकायचं असेल, तर लहान लागतो. आणि लहान बफर हवा, तर प्रोसेसरचा वेग एकसारखा हवा. या गरजेपायी लिनक्समध्ये वीस वर्षांच्या आसपास खटपट चालू होती. ठरलेल्या वेळेत काम करण्याची हमी देणारा तो रिअल-टाइम भाग २०२४ मध्ये, ६.१२ आवृत्तीत, मुख्य कर्नलमध्ये दाखल झाला.

मग करायचं काय?

आधी बघा, मग हात लावा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूचा चालू वेग दिसतो. नेहमीचं जड काम लावा आणि दहा मिनिटं तो आकडा बघा. एका जागी टिकतोय, की झोके घेतोय? झोके असतील, तर पुढचं वाचा.

पहिलं काम सफाई. आपल्याकडे घराशेजारी माग असतील, तर हवेत कापसाची बारीक धूळ असतेच आणि ती पंख्याच्या जाळीत गादीसारखी बसते. ती काढून घ्या, लॅपटॉप गादीवर किंवा चादरीवर ठेवू नका.

दुसरं, टर्बोची हाव सोडून बघा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली, की बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो. काही मॉडेलमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, तेव्हा निर्मात्याच्या ॲपमधला 'शांत' किंवा 'संतुलित' मोड वापरून बघा. लिनक्सवर कमाल वेगाला मर्यादा घालता येते. एकच बदल करा, पुन्हा दहा मिनिटं बघा, मग पुढचा. टर्बो बंद केल्यावर ॲप उघडायला किंचित वेळ लागेल, हा त्याचा तोटा. पण तासभराचा कॉल, परीक्षा, रेकॉर्डिंग किंवा गेम यांत आकडा टिकून राहतो. काम झालं, की मर्यादा परत १०० करा.

तिसरं, नावावर जाऊ नका. आजच्या इंटेल लॅपटॉपवर लिनक्समध्ये 'पॉवरसेव्ह' दिसलं, तर घाबरू नका. तिथे त्या नावाचा गव्हर्नर गरजेप्रमाणे वेग वर-खाली करतोच. आणि 'परफॉर्मन्स' लावलं म्हणजे सगळं स्थिर झालं असंही नाही. उन्हाळ्यात तो तुम्हाला तापमानाच्या मर्यादेवर अजून लवकर नेऊन आदळू शकतो.

चौथं, प्रोसेसर रिकाम्या वेळात गाढ झोपतो आणि त्या झोपेतून उठायला त्याला सूक्ष्म उशीर लागतो. काही लोक लेटन्सीसाठी ही झोपच बंद करतात. अगदी गरज असेल, तरच आणि तेवढ्या वेळापुरतं करा, कारण यानं लॅपटॉप रिकामा असतानाही तापतो, बॅटरी उतरते. व्होल्टेज कमी करायचे जुने उपायही आता बऱ्याच इंटेल मॉडेलमध्ये बंद आहेत. २०१९ मध्ये त्या वाटेनं सुरक्षा फोडता येते असं दिसलं आणि कंपन्यांनी कुलूप लावलं. ते कुलूप तोडायला सांगणारे व्हिडिओ बघून लॅपटॉपशी खेळू नका.

झडप कोणाच्या हातात?

शेवटचा मुद्दा. गिरणीत वेग किती असावा हे विणकर ठरवत नव्हता, मालक ठरवायचा. धागे तुटल्याचा भुर्दंड मात्र विणकराकडे यायचा. आज लॅपटॉप बनवणारी कंपनी गव्हर्नर लावून देते आणि तिला खोक्यावर मोठा आकडा छापायचा असतो, कारण आकडा विकला जातो. तुमची खोली ४२ अंशांची आहे, तुम्हाला दोन तास न अडखळता मुलाखत द्यायची आहे, हे तिला माहीत नाही. फरक एवढाच, की त्या विणकराचा हात झडपेपर्यंत पोचत नव्हता. तुमचा पोचतो.

तर नवीन मशीनचे हप्ते लावून घेण्याआधी एक रविवार या कामाला द्या. जुन्या लॅपटॉपवरही कॉल, कोडिंग, एडिटिंग नीट चालू शकतं. नाहीच चाललं, तर निदान नेमकं काय कमी पडतंय हे कळलेलं असेल आणि दुकानात जाऊन नेमकं तेच मागता येईल.

भाग आवडला, तर ज्याचा लॅपटॉप सारखा तापतो अशा एका मित्राला नक्की पाठवा. आणि घरात कुणी गिरणीत, इंजिनघरात किंवा साचेखात्यात काम केलेलं असेल, तर त्यांच्याशी बसून बोला, त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. बफर जरा मोठाच ठेवा, म्हणजे त्यांचा एकही शब्द तुटणार नाही. भेटू पुढच्या भागात!